डॉक्टरांच्या भिंतीवरची बाग

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद असावा, याबद्दल तज्ज्ञांमध्ये एकमत आहे. (निवृत्तांच्या बायकांचं मत अद्याप मागवण्यात आलेलं नाही.) दातांच्या डॉक्टरांनी जुनी चित्रं जमवायला घेतली, आणि तीही ऐरीगैरी नव्हेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, साहेबाच्या राजवटीतल्या प्रदर्शनांची आणि सार्वजनिक बागांची. तीन वर्षांत त्रेसष्ट झाली. दवाखान्यातली खुर्ची गेली, कवळ्यांचं कपाट गेलं, आणि चारही भिंतींवर काचेचे घुमट, कारंजी आणि छत्र्या घेतलेल्या मडमा आल्या.

डॉक्टर चित्रं तपासायचे ते दात पाहायच्या इवल्या आरशाने. कागदावरच्या तांबूस डागाला ते ‘कीड’ म्हणत आणि चुकचुकत. त्यांच्या गणतीनुसार त्रेसष्ट चित्रांत मिळून साहेब नऊशे चार, मडमा सातशे अकरा, कुत्री छप्पन्न आणि आपली माणसं एकोणचाळीस होती. (पैकी पाठमोरी सदतीस.)

“आपल्यांना असं कोपऱ्यात का उभं केलंय?” बायकोने एकदा विचारलं.

“इमारतीची उंची कळावी म्हणून.”

“मग साहेबाला उभं करायचं की.”

“साहेब उंची मोजायला नसतो गं,” डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले.

एक्केचाळिसावं चित्र म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते समोरच्याच बागेचं होतं. खरी बाग दवाखान्याच्या खिडकीतून दिसली असती, पण खिडकीवर बाविसावं चित्र टांगलेलं असल्याने तशी अडचण येत नसे. बायको मात्र रोज सकाळी त्या बागेत जायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती तिथेच पुन्हा चालायला शिकली होती. आधी एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत, मग तळ्यापर्यंत.

एके दिवशी बागेच्या फाटकावर नगरपालिका कार्यालयाची नोटीस लागली. तिथे वाहनतळ होणार होता. बाग शंभर वर्षांहून जुनी असल्याचा पुरावा कुणाकडे असल्यास त्याने पंधरा दिवसांत मूळ प्रतीत सादर करावा. अन्यथा बाग नवीन समजण्यात येईल.

बायको तडक दवाखान्यात आली. “एक्केचाळीस नंबर खाली काढा.”

“अगं, मूळ प्रत मागतायत. शिक्का मारतील तिच्यावर.”

“मारू देत.”

“वर नुसतं मोकळं आकाश आहे. बरोबर तिथेच मारतील.”

डॉक्टरांनी विचार सुरू केला. पहिले चार दिवस त्यांनी छायाप्रत चालेल का, असं विचारणारं पत्र लिहिण्यात घालवले. पाचव्या दिवशी मायना बदलला. नवव्या दिवशी ‘नाही’ असं उत्तर आलं, तेव्हा शिक्क्याची शाई पाण्याने जाते का, हे त्यांनी एका रद्दी कागदावर करून पाहिलं. (जात नाही.) तेवढ्या वेळात बायकोने दुखऱ्या गुडघ्याने जिने चढून दोनशे सहा सह्या गोळा केल्या. सह्या करणारे स्वतः शंभर वर्षांचे नसल्यामुळे कार्यालयाने त्या अमान्य केल्या. बाराव्या दिवसापासून ती डॉक्टरांशी बोलेनाशी झाली.

सोळाव्या दिवशी सकाळी करवत सुरू झाली. त्या आवाजाने डॉक्टरांच्या हिरडीत अशी कळ गेली, जी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात यंत्र चालवताना कधी गेली नव्हती. चित्र भिंतीवरून उतरवून, काखोटीला मारून ते घरातल्या चपलांवरच कार्यालयाकडे धावत सुटले.

“मुदत काल संपली,” कारकून म्हणाला.

“अहो, एकदा बघा तर!”

कारकुनाने बघितलं, अगदी मनापासून. “फारच सुंदर बाग होती हो,” तो हळहळला. “पण आलेलं कागदपत्र आवक करावं लागतं.” आणि त्याने आकाशाच्या बरोबर मध्यभागी ‘प्राप्त’ असा शिक्का हाणला.

आता बायको दवाखान्यातच चालते, भिंतीकडेने, एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत. डॉक्टर शेजारून चालतात. ती अजून बोलत नाही, पण वळणावर हात धरू देते.

शहरातले रसिक हल्ली आवर्जून येतात. शिक्क्याखालच्या झाडांकडे पाहून सुस्कारे सोडतात, “आम्हाला वेळेवर कळलं असतं तर!” म्हणतात, फोटो काढतात. आपणही जरूर या. चित्र पाहून वाईट वाटेल याची खात्री आहे. गाडी कुठे लावायची, ही चिंता नको. समोर भरपूर जागा झाली आहे.