निरुपद्रवी संभाषणे

जिल्ह्यातला प्रत्येक माणूस फोनवर काय बोलतो ते जपून ठेवणे राष्ट्रहिताचे आहे, असे ठरले आणि ते जपण्याचे काम नगरच्या एका कार्यालयात कृपादान साळवे यांच्याकडे आले. कार्यालय गुप्त असल्याने बाहेर पाटी नव्हती. पाटी नसलेले शहरातले ते एकमेव सरकारी कार्यालय, त्यामुळे शोधायला कुणालाच त्रास पडत नसे. रिक्षावाले "ऐकायच्या हापिसात का?" एवढे विचारून थेट दारात सोडत.

पहिली अडचण जागेची आली. माणसे फार बोलत. पाणी आलं का, जेवलास का, म्हैस गाभण राहिली का. यंत्रे भरली, नवी आणली, तीही भरली. शेजारचे वाचनालय ताब्यात घेतले आणि पुस्तके व्हरांड्यात गेली. शेवटी वरून आदेश आला, की निरुपद्रवी संभाषणे नियमितपणे नष्ट करून जागा मोकळी करावी. कृपादानला आदेश अतिशय शहाणपणाचा वाटला. ज्यात काही वावगे नाही ते यंत्राने आपोआप पुसावे, अशी व्यवस्था त्याने स्वतः बसवली.

परिणाम उत्तम झाला. उरलेल्या संग्रहातील शंभर टक्के संभाषणे संशयास्पद असल्याचा अहवाल वर गेला. वरचे लोक घाबरले. कार्यालयप्रमुख रोहिणी मॅडम यांचा सत्कार झाला आणि आणखी यंत्रे मंजूर झाली.

अशात एके दिवशी जहिरा नावाची बाई दारात उभी राहिली. तिचा थोरला भाऊ पीरमहंमद पुणतांब्याचा, फुलांचा टेम्पो चालवणारा. शिर्डीतल्या एका हॉटेलातला जनरेटर चोरल्याच्या आरोपाखाली तो आत होता.

"चोरी झाली तवा भाई घरी हुता साहेब," जहिरा म्हणाली. "माझ्याशी फोनवर बोलत हुता. अम्मीचे गुडघे दुखतात, त्याबद्दल."

"मग फोन कंपनीकडून कागद आणा, ताई. फोन कुठं होता ते त्यात येतं."

"आणला. पोलीस म्हणतात, फोन पुणतांब्यात हुता हे पटलं, पण फोनवर तोच हुता कशावरून? आवाज दाखवा. म्हटलं, आवाज तुमच्याकडं असंल."

असे काही इथे होत नाही, असे सांगायचा नियम होता. पण बाई तीन गाड्या बदलून आल्यासारखी दमलेली दिसत होती. कृपादानने तिला बाकावर बसवले, आत जाऊन शोधले आणि बाहेर आला.

"ताई, ते पुसलं गेलं."

"का?"

"त्यात वावगं काही नव्हतं."

जहिराने विचारले, "म्हंजी भाईनं त्यात कुणाला शिव्या घातल्या असत्या, तर तो सुटला असता?"

"हो," कृपादान म्हणाला. मान वर करायची त्याला लाज वाटली.

दुपारी तो मॅडमकडे गेला. साधी संभाषणेही काही काळ ठेवावीत, असे त्याने सुचवले.

"कशासाठी?"

"एखादा निर्दोष असेल तर सिद्ध करता येईल."

"कृपादान," मॅडम मायेने म्हणाल्या, "आपला संग्रह गुन्हा शोधण्यासाठी मंजूर आहे. निर्दोषपणासाठी अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष लागेल. आणि जागा कुठंय?"

पीरमहंमद पुढे कित्येक महिन्यांनी सुटला, तोही खरा चोर दुसऱ्याच चोरीत सापडला म्हणून. तोवर टेम्पो विकला गेला होता. तुरुंगाच्या दारातून त्याने बहिणीला फोन लावला, अम्मीची चौकशी केली आणि ठेवण्याआधी सावकाश, एकेक शब्द सुटा उच्चारत सरकारला एक ठेवणीतली शिवी दिली. जहिराने तिकडून दुसरी दिली. पुणतांब्यात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आता तिथे साखरपुड्याचे आमंत्रणही दोन शिव्या घालूनच दिले जाते. सगळे व्यवस्थित जपले जाते. गाव अतिसंवेदनशील ठरले आहे, आणि तिथल्या कुणावरही आळ आला, तरी तो कुठे होता हे सिद्ध करता येते.

पंचाईत झाली ती कृपादानची. जन्मभर त्याच्या तोंडून कधी अपशब्द गेला नव्हता. चर्चमध्ये त्याच्या सौम्य बोलण्याचे कौतुक होई. पत्नी स्टेलाला फोन करून काहीतरी आक्षेपार्ह बोलायचा त्याने प्रयत्न केला. भाजी काय केली, एवढेच विचारून झाले. मग त्याने संग्रहात स्वतःचे नाव शोधले. काही नव्हते. मग ओळखीतल्या साऱ्या सभ्य माणसांची नावे एकेक करून शोधली. तिथेही काही नव्हते.

आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणत असाल. यंत्राचेही तेच मत पडले. तुमचे काहीही ठेवलेले नाही.