रूपबदलबंदीचा ठराव

प्राणिसंग्राम हा खेळ असला, तरी तो हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, असे प्राणिसंग्राम मंडळाच्या घटनेचे पहिलेच कलम सांगते. मंडळाची सभा दर रविवारी एका व्यापारी इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानाशेजारच्या खोलीत भरत असे. सभासद सगळे संसारी, पोटापाण्याला लागलेले, काही तर निवृत्तही झालेले. खेळ मोबाइलवर, पण समोरासमोर बसून. प्रत्येकाने एक प्राणी पाळायचा, वाढवायचा आणि दुसऱ्याच्या प्राण्यावर सोडायचा. प्राण्यांच्या प्रकृती चार. पाणी आगीला विझवते, माती पाण्याला पिते, वारा मातीला उडवतो आणि आग वारा खाऊन माजते. एवढ्याशा भांडवलावर या माणसांची वर्षे मजेत गेली होती.

मग कंपनीने खेळात सुधारणा केली. कुणी मागितली नव्हती, त्यामुळे ती वेळेवर आली. तिचे नाव रूपबदल. प्रत्येक लढतीत एकदा, मनाला येईल त्या क्षणी, कुठल्याही प्राण्याने आपली प्रकृती बदलायची. आगीने पाणी व्हायचे, पाण्याने वारा. विचारणार कोणी नाही.

याची पहिली झळ लिफ्ट तपासनिसाला बसली. हा गृहस्थ सरकारी नोकरीत, इमारतींच्या लिफ्ट तपासून त्यांत अमुक माणसे मावतात अशा पाट्यांवर सही करणारा. त्याचे कासव पाण्याचे, नाव ढिम्म. मंडळातल्या एका दंतवैद्यांचा आगीचा काजवा ढिम्मने इतक्या वेळा विझवला होता की दंतवैद्य आधीच सुस्कारा सोडून ठेवत. त्या रविवारी मात्र काजवा विझता विझता माती झाला आणि त्याने ढिम्मला घटाघटा पिऊन टाकले. दंतवैद्य खुर्चीवर उभे राहून नाचले. रुग्ण तोंड उघडे टाकून वाट बघत असतानाही ते कधी इतके खूष दिसले नव्हते.

तपासनिसाला स्वतःच्या हरण्याचे एवढे वाटले नसते. त्याला लागले ते लेकीचे. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, आणि शाळेत असल्यापासून तिने एक चिचुंद्री पाळली होती. मातीची. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बापलेकीची लढत व्हायची. चिचुंद्री बिळात दबा धरून बसायची, ढिम्म वळायला लागला की त्याच्या पोटाखालून निघायची आणि त्याला पिऊन टाकायची. तपासनीस वर्षानुवर्षे लेकीकडून हरत आला होता, आणि आठवड्यात दुसरे काही त्याला इतके आवडत नव्हते. रूपबदल आला, मंडळातल्या एका लढतीत दंतवैद्यांच्या काजव्याने वारा होऊन चिचुंद्रीला बिळासकट उडवले, आणि लेकीने मोबाइल पालथा ठेवला.

"मी दबा कशासाठी धरायचा, बाबा?" ती म्हणाली. "समोरचा काय आहे तेच ठरलेलं नसेल तर डोकं चालवून उपयोग काय? बंदी आली की सांग. परत खेळू."

"आणतोच बंदी," तपासनीस म्हणाला.

"अहो, आधी गळणारा नळ आणा ठिकाणावर," आतून बायको म्हणाली. पण हा शब्द त्याने दिला, आणि मनापासून दिला.

त्याने ठराव मांडला तेव्हा सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, "बंदीला माझा तत्त्वतः पाठिंबा आहे. मात्र तत्त्वतः पाठिंबा आणि पाठिंबा यांत आपण गल्लत करू नये."

मंडळाचा चिटणीस तपासनिसाचा सख्खा मेव्हणा होता. तो म्हणाला, "भावोजी, पद्धत पद्धतीनं होऊ द्या. आधी अभ्यास, मग मतदान. अभ्यास चालू असेपर्यंत रूपबदल सगळ्यांनी वापरायचा."

"ज्याच्यावर बंदी घालायची ते सगळ्यांनी वापरायचं?"

"वापरलंच नाही तर अभ्यास कशाचा करणार? आणि मत फक्त वरच्या श्रेणीतल्यांना. खालच्या श्रेणीतला माणूस बंदी मागणारच. हरतोय ना तो. त्याचं मत द्वेषातून येतं."

"आणि वरच्या श्रेणीत जायला काय करायचं?"

"जिंकायचं."

"जिंकायला काय करायचं?"

"रूपबदल," मेव्हणा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्या घराण्यात तो गुण होताच.

दरम्यान अन्याय होऊ नये म्हणून मंडळाने तात्पुरती नियमावली केली. रूपबदल करण्याआधी प्रतिस्पर्ध्याला पूर्वसूचना द्यावी. प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतल्यास सुनावणी व्हावी. सुनावणीत खेळाडूने मोबाइलवर हात ठेवून सांगावे, की हा बदल आपल्या प्राण्याला मनापासून हवा आहे आणि त्यामागे जिंकण्याचा हेतू नाही. दंतवैद्यांनी असे सांगितले, तेव्हा समोरच्याने विचारले, की काजव्याच्या मनातले यांना कसे कळले? प्रश्न रास्त होता. म्हणून एका पशुवैद्यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून काजवा तपासला, भूक बरी आहे म्हणाले आणि चहा पिऊन गेले. तो अभिप्राय दोन्ही पक्षांनी आपल्या बाजूचा मानला.

लढती लांबू लागल्या. एक लढत इतकी लांबली की तिच्यातल्या एका खेळाडूची नोकरीत बदली झाली, आणि त्याच्या जागी कचेरीत आलेल्या गृहस्थांना टेबलाबरोबर लढतीचाही पदभार घ्यावा लागला. त्यांना खेळ येत नव्हता. ही अडचण कुणाच्या लक्षात आली नाही, कारण तोपर्यंत खेळण्याची वेळच येत नव्हती.

तपासनीस काही आठवडे ताठ राहिला. ढिम्मला पाण्याचाच ठेवून लढला आणि घसरत घसरत अशा श्रेणीत पोहोचला, की तिथे त्याच्याशी लढायला फक्त मेव्हण्याच्या सासूबाई होत्या. त्यांनीही त्याला बदकाकडून हरवले.

"बाबा, असा हरत राहिलास तर मत कुठून देणार?" लेक म्हणाली. "फक्त वर जाण्यापुरता वापर. मी सरावाला बसते."

रविवारी सकाळी बापलेक पुन्हा टेबलाशी बसली. चिचुंद्री बिळात गेली. ढिम्म सवयीने हळूहळू वळला. चिचुंद्री पोटाखालून निघाली, आणि तपासनिसाने बटण दाबले. कासव वारा झाले. जन्मात कधी घाई न केलेले ते कासव टेबलाएवढ्या रानात गरगरले, आणि चिचुंद्री पडद्याच्या कडेबाहेर कुठेतरी जाऊन पडली.

"जिंकलो!" तपासनीस ओरडला. उठताना त्याची खुर्ची मागे पडली. लेकीविरुद्ध तो पहिल्यांदाच जिंकला होता, आणि त्याच्या ध्यानात आले की हेही फार आवडण्यासारखे आहे.

"छान," लेक म्हणाली आणि खुर्ची उचलून ठेवली.

"सरावापुरतं गं," तो म्हणाला. पण पडद्यावर विजयी कासव नाचत होते, आणि ते त्याने शेवटपर्यंत पाहिले.

मग त्याला कोणी धरू शकले नाही. पाण्याच्या कासवाकडून कोणी वाऱ्याची अपेक्षा करत नाही, आणि कासवाकडून तर नाहीच नाही. दंतवैद्य गेले, बदक गेले, मेव्हण्याचा कोल्हा शेपूट घालून गेला. तपासनीस वरच्या श्रेणीत पोहोचला, तिथेही पहिला आला. वार्षिक स्पर्धा तोंडावर आली होती. आजवर ज्या चषकाला त्याने फक्त फडके मारले होते, त्यावर आता त्याचेच नाव लागणार असे लोक बोलू लागले. कचेरीत साहेब त्याला "काय कासववाले!" म्हणून हाक मारू लागले. रूपबदलावरची त्याची टीका मात्र तसूभर कमी झाली नाही. उलट प्रत्येक विजयानंतर तो जास्तच पोटतिडकीने बोले. लोक म्हणत, बघा, जिंकत असूनही बंदी मागतोय. याला म्हणतात माणूस.

मतदानाच्या दिवशी खोली गच्च भरली. लेकही आली होती. तिला मत नव्हते, म्हणून ती मागे बाकावर बसली. तिच्या हातात मोबाइल होता, आणि पडद्यावर चिचुंद्री. इतक्या दिवसांनी तिने तिला खाऊपिऊ घातले होते. बापाला दाखवायला तिने मोबाइल थोडा वर धरला.

तपासनिसाचे भाषण अप्रतिम झाले. "लिफ्टच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत नेहमी एकाची जागा दिसते," तो म्हणाला. "तोच माणूस आत शिरला, की त्याला लिफ्ट भरलेली दिसते. उभ्या नोकरीत मी हेच बघत आलो. आपण सगळे आज आत आहोत. पण बाहेर उभे आहेत त्यांच्यासाठी आपण मत द्यायचं आहे." अध्यक्षबाईंनी डोळे टिपले. दंतवैद्य इतका वेळ टाळ्या वाजवत राहिले की त्यांना हात धरून बसवावे लागले. लेक हसली. असे हसून तिला बरेच दिवस झाले होते.

मतदान गुप्त होते. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. तपासनीस कोपऱ्यात गेला, पेन उघडले. ठराव मंजूर होणार हे दिसतच होते. एवढ्या टाळ्या काय उगीच पडतात? सगळे बाजूने देणार. मग आपण एकट्याने विरोधात दिले तर ठरावाचे काय बिघडते? काहीच नाही. बंदी येणार ती येणारच. आणि चुकून नाहीच आली, तर निदान ढिम्मवर तरी आपण स्वतःच्या हाताने अन्याय केला नाही, एवढे समाधान राहील. त्याने लिहिले, घडी घातली, आणि लेकीकडे बघून मान हलवली. तिनेही हलवली.

अध्यक्षबाईंनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. "विरोधात. विरोधात. विरोधात." डब्याचा तळ दिसू लागला तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्यांनी डबा उलटा करून हलवला. बिस्किटाचा चुरा तेवढा पडला.

"ठरावाच्या बाजूने," त्या म्हणाल्या, "शून्य."

खोलीत शेजारच्या शिवणयंत्राचा आवाज ऐकू येऊ लागला.

"शून्य म्हणजे," मेव्हणा म्हणाला, "मांडणाऱ्याचंसुद्धा नाही?"

"मतदान गुप्त आहे," तपासनीस म्हणाला.

"अगदी," दंतवैद्य घाईघाईने म्हणाले. "गुप्त म्हणजे गुप्त."

"गुप्ततेचा मला अभिमान वाटतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. प्रत्येकाने आपापली चप्पल शोधायला घेतली. जो तो शेजाऱ्याला सांगत होता, की रूपबदलाने खेळाचा सत्यानाश केला आहे, आणि आपल्याला वाटले होते बाकीचे तरी बाजूने देतील.

तपासनीस मागच्या बाकाशी गेला. "अगं, ऐक. त्याचं काय झालं..."

लेकीने चिचुंद्रीचा पडदा बंद केला. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याला सोपे गेले असते.

"मी जिन्याने जाते, बाबा," ती म्हणाली.

लिफ्ट उभी होती. सभासद एकेक करून शिरले. तपासनीस सगळ्यांत शेवटी शिरला, आणि जादा वजनाची घंटा वाजू लागली.

लिफ्टमध्ये पाटी होती. 'घंटा वाजल्यास शेवटी आलेल्या व्यक्तीने उतरावे.' खाली तपासनिसाची स्वतःची सही होती, ठसठशीत. त्याने ती वाचली आणि छताकडे बघायला सुरुवात केली. तिथे पंख्याची जाळी होती. बाकीचेही जाळीकडेच बघत होते. दार मिटायला येई, मिटत नसे, पुन्हा उघडे. घंटा वाजतच होती.

"कुणीतरी एकाने उतरायला हवं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माझा तत्त्वतः पाठिंबा आहे," दंतवैद्य म्हणाले.

मेव्हण्याने कोपर काढायला जागा नसतानाही ठराव टाकला, की सर्वांच्या हितासाठी एकाने उतरावे. हात वर करून मतदान झाले. ठराव एकमताने मंजूर झाला. तपासनिसाचा हात सगळ्यांत उंच होता. कुणीही उतरले नाही.

जिन्यावर लेकीची पावले वाजत होती. चौथ्या मजल्यापर्यंत स्पष्ट, तिसऱ्यापर्यंत पुसट, मग नाहीच. तपासनिसाला लाज वाटली. अगदी खरीखुरी, कानशिले तापेपर्यंत वाटली. त्याचा एक पाय उंबरठ्याकडे सरकलाही. पण तेवढ्यात त्याला वाटले, की दंतवैद्यही जरा हलल्यासारखे दिसतात, आणि त्याने पाय मागे घेतला.

लिफ्ट अजून पाचव्या मजल्यावरच आहे. घंटा वाजतेच आहे. आणि वाचकहो, तुम्ही कोपऱ्यात अंग चोरून एकेकाच्या तोंडाकडे बघत हसताय, ते ठीक. पण तुमचेही वजन त्यात धरलेले आहे.