सव्वीस रोट आणि फिटनेस सर्टिफिकेट

मनावर ताबा कसा ठेवायचा हे ज्याला शिकायचं असेल, त्याने सरळ जळगावला माझ्या घरी यावं. या बाबतीत अख्ख्या खानदेशात माझा हात धरणारा कुणी नाही!

१९८८च्या उन्हाळ्यात मला हार्ट अटॅक आला. साधासुधा नाही, नऊ दिवस दवाखान्यात झोपवणारा! सुटताना डॉक्टर म्हणाले, "शालिग्रामराव, तूप बंद, गोड बंद, तळलेलं बंद. वजन ऐंशीच्या खाली आणा, मग ड्युटीचं फिटनेस सर्टिफिकेट. नाहीतर घरी बसा."

तेव्हा मी ब्याण्णव किलो होतो. आणि घरी बसून मला चालणार नव्हतं, कारण ऑफिसात माझ्या हेडक्लार्कच्या खुर्चीत माझ्या हाताखालचा रतिलाल बसला होता. तात्पुरता म्हणे! पहिल्या आठवड्यात त्याने खुर्चीत स्वतःची उशी आणून ठेवली. दुसऱ्या आठवड्यात टेबलाची दिशा बदलली. दिशा! आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत मी हजर झालो नाही, तर खुर्ची कायमची त्याची, असं साहेबांनी कळवलं.

मग मी पेटलो. शेवभाजी सोडली. बट्टीवरची तुपाची धार सोडली. सकाळी अर्धी भाकर आणि दुधी, संध्याकाळी दुधी आणि अर्धी भाकर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी अर्धा तास तुपाचे दुष्परिणाम ऐकवायचो. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून डॉक्टरांचा पथ्याचा कागद कार्बन घालून टाइप करवला आणि साऱ्या भाऊबंदांना पोस्टाने धाडला. "विषय: खाण्याच्या सवयी बदलणेबाबत." खाली सही, तारीख, सगळं रीतसर!

ऑगस्टमध्ये काटा साडेऐंशीवर आला. फक्त अर्धा किलो! आणि नेमकी तेव्हाच कानबाई आली.

आता कानबाईचे रोट ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा शेर गहू मोजायचे, दळायचे आणि त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. तेच रोट. एकेक रोट ताटाबाहेर लोंबतो. ते भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, लग्न झालेल्या लेकीला नाही, गाईला नाही! जिथे देवी बसली त्या घरातच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

आमच्या घरात पुरुष दोन. मी आणि मुलगा. मी हिशोब केला आणि म्हटलं, "थोडेच होतील. मुलगा खाईल."

आमच्या सौभाग्यवती कुंदाबाई चुळबुळ करत उभ्या राहिल्या. "अहो, यंदा तुमच्या नावाचे पाचपट आहेत."

"पाचपट? का?"

"तुम्हाला आत नेलं तेव्हा मी बोलले होते कानबाईला. माणूस चालत घरी येऊ दे, त्याच्या नावाचे पाचपट रोट करीन."

"अगं, जगलो ते तूप सोडून! आणि नवस कसला, तर तुपाचा?"

"मग काय दुधीचा बोलू देवीला?" असं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. नऊ दिवस ती दवाखान्याच्या बाकावर बसून होती, आणि मी तिला हिशोब विचारत होतो. मला माझीच लाज वाटली.

पण डोकं चाललं! खाणारी तोंडं वाढवली की प्रश्न मिटला. मी तातडीने धरणगावला धाकट्या भावाला, सुकदेवला, धुळ्याला चुलतभाऊ चिंधाला आणि खेड्यावरच्या सुंदरकाकूंना पत्रं टाकली. "यंदा कानबाईला सहकुटुंब यावे. नकार चालणार नाही."

सगळे आले. आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी!

"हे काय, काकू?"

"गहू शेतस," काकू म्हणाल्या. "कानबाईले काय रिकामा हाते येतस का? मन्हा घरमा चार माणसे, चारीसना गहू आणेल शेतस!"

सुकदेवने तिघांचे आणले. चिंधाने पाच जणांचे! त्याच्या घरातलं सर्वांत धाकटं माणूस सात महिन्यांचं होतं. त्याला दात नव्हते, पण त्याच्याही नावाचे सव्वा शेर गहू होते! खाणारे वाढले तसे रोटही वाढले, आणि हे गणित मला, वीस वर्षं बजेट तपासणाऱ्या माणसाला, आधी सुचलं नाही!

तरी म्हटलं, खातील. रविवारी पंगत बसली. मी स्वतः वाढायला उभा राहिलो.

सुकदेवने ताटावर हात आडवा धरला. "एकच, भाऊ. तुन्ही बिमारीनी आमना डोळा उघडी दिधात! तूप बी नही, गोड बी नही, बठ्ठं सोडी दिधं!"

"अरे, देवीचा प्रसाद आहे!"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. माझाच! विषय: खाण्याच्या सवयी बदलणेबाबत. चिंधा तर आणखी पुढे गेलेला. तो म्हणे रोज नदीपर्यंत पायी जातो आणि साखरेकडे बघतसुद्धा नाही. मी आयुष्यात शेकडो परिपत्रकं काढली. एकाचीही कुणी अंमलबजावणी केली नाही. नेमकी याचीच करायची होती!

"नाना, आजारी माणूससमोर गोड खावाले कसं वाटी?" चिंधाची बायको वर हे बोलली. मी तिथे उभा राहून तिला खा, खा म्हणत होतो!

सोमवारी देवीचं विसर्जन झालं. संध्याकाळच्या एसटीने सगळे गेले. मुलाची परीक्षा, तोही गेला. मागे राहिलो आम्ही दोघं आणि सव्वीस रोट. पौर्णिमा शनिवारी. माझी तपासणी त्यानंतरच्या सोमवारी.

"तुम्ही हात लावू नका," कुंदाबाई म्हणाल्या. "मी खाईन."

मंगळवारी तिने तीन खाल्ले. बुधवारी सकाळी दुधात कुस्करलेला चौथा तिच्या घशाखाली उतरेना. घोट घेत होती, थांबत होती, पुन्हा घास उचलत होती. ती माझ्या जिवासाठी बोललेला नवस स्वतःच्या पोटात कोंबत होती. मला भयंकर राग आला. तिचा, सुकदेवचा, त्या बिनदाताच्या पोराचा! मी वाटी ओढून घेतली. "जीव माझा वाचला ना? मग नवस मी फेडीन!"

आणि फेडला. नाइलाजाने. चौथा रोट खाताना नाइलाज थोडा कमी झाला आणि आठव्यापासून मी तूप वरून घेतलं, हे खोटं कशाला सांगू? शनिवारी दुपारी शेवटचा तुकडा संपला. मी नको म्हणत असताना तीही हातभार लावत राहिली: ती सात, मी एकोणीस.

सोमवारी दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो. साडेत्र्याऐंशी!

"शालिग्रामराव!" डॉक्टर ओरडले. "तीन किलो? काय खाल्लंत?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. नवस, गहू, परिपत्रक, एकोणीस रोट. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच दाराकडे बघत म्हणाले, "आमच्याकडेही बसते कानबाई. भाऊ अमेरिकेत, वडिलांना शुगर. बावीस उरले होते. सगळे मी खाल्ले."

माझा जीव भांड्यात पडला. आपलाच माणूस! मी हसत हसत सर्टिफिकेटचा कागद पुढे सरकवला.

त्यांनी त्यावर लाल शाईने लिहिलं: "अनफिट. एक महिना सक्त विश्रांती."

आता तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय? एकोणीस रोट खाणारा घरी, आणि बावीस खाणारा ड्युटीवर!