रांगेलच्या मरणाचा छापील पुरावा

तीन वर्षं रांगेल कारोव एका शब्दासाठी भांडत होता. तो शब्द होता ‘वरचं’. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं अशा आंतरजालावरच्या ज्ञानकोशात त्याच्या वडिलांवर, गाइदा हे हवेच्या पिशवीचं वाद्य वाजवणाऱ्या स्तामेन कारोववर, चार ओळींचं पान होतं. रांगेल रोज सकाळी तिथे ‘जन्म: वरचं बोरिलोवो’ लिही आणि दुपारपर्यंत ‘खालचा कोल्हा’ नावाचा कोणी संपादक ते ‘खालचं’ करून टाकी. दोन्ही गावं शेजारशेजारची, एक डोंगरात, एक पायथ्याशी, आणि दोघांनाही स्तामेन आपलाच हवा होता. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. डोंगरातलं घर पडलं, गाइदाची पिशवी कसरीनं खाल्ली. उरलं होतं हे पान, आणि तेही खालच्यांच्या घशात जाणार या विचारानं रांगेलला घास गोड लागत नसे.

शेवटी ज्ञानकोशावर देखरेख ठेवणारा प्रचालक मध्ये पडला. चर्चापानावर त्यानं लिहिलं, "मुलाचा शब्द चालणार नाही. छापील संदर्भ द्या."

"छापील!" रांगेल बायकोवर करवादला. "ग्रोझ्दाना, आपल्याकडे छापतात काय, तर फक्त मेलेली माणसं!"

बोलता बोलताच त्याला युक्ती सुचली. खांबाखांबावर मेलेल्यांच्या आठवणीची काळ्या चौकटीतली पत्रकं लागतातच: चाळीस दिवसांचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं. वडिलांचं विसाव्या वर्षाचं लावलं आणि त्यात ‘वरचं’ छापलं, तर कोण हरकत घेणार?

पत्रकं छापणाऱ्या त्सोन्काला त्यानं मजकूर आणि बापलेकांचा फोटो दिला. आता थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आणि मधे बापाचं नाव लावायची रीत, त्यामुळे बाप स्तामेन रांगेलोव आणि मुलगा रांगेल स्तामेनोव. घाईत त्सोन्कानं नावं उलटी टाकली, फोटोतून बापाऐवजी मुलाचा चेहरा कापून घेतला आणि मथळा रोजचाच ठेवला: ‘दुःखद निधन’. रांगेल चष्मा घरी विसरला होता. तीस पत्रकं त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही बोरिलोवोंत चिकटवली आणि एकाचा फोटो चर्चापानावर चढवला.

दुपारी प्रचालकाचं उत्तर आलं: "कुटुंबीयांनी कळवल्याबद्दल आभार. रांगेल यांचं खातं आदरपूर्वक बंद केलं आहे."

रांगेलनं चष्मा लावून पत्रक वाचलं: मेला होता तो स्वतःच. मी जिवंत आहे, असं त्यानं तातडीनं ईमेलनं कळवलं. प्रचालकानं विचारलं, "याला छापील संदर्भ आहे का?"

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर एक भिजलेला म्हातारा उभा होता, हातात मेलेल्यासाठी आणतात तशी दोनच फुलं. रांगेल स्वयंपाकघराच्या दाराआड सरकला.

"वहिनी, मी दिमो, गिरणीजवळचा. तो खालचा कोल्हा मीच."

"अहो, पण तो तर..." ग्रोझ्दाना म्हणाली. दाराच्या फटीतून रांगेलनं तिला हात जोडले. तिनं दिमोला आत घेतलं.

"गाढवासारखा हट्टी होता," दिमो म्हणाला. "पण बापासाठी एवढं कोण भांडतं हल्ली? माझा पोरगा मला फोनसुद्धा करत नाही. मी ‘वरचं’ करून टाकलंय, वहिनी. कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे." त्यानं फुलं पुढे केली. "आता सकाळी उठून भांडू कुणाशी?"

रांगेलचा हात कडीवर होता. बाहेर पडावं, तर दिमोला त्याचं भांडण परत मिळणार आणि बापाचं गाव पुन्हा खाली घसरणार. रांगेलला रडू फुटत होतं. त्यानं हात मागे घेतला.

त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. चाळिसाव्या दिवशी मात्र टोपी कानांपर्यंत ओढून त्सोन्काच्या दुकानात शिरला.

"चाळीस दिवसांचं पत्रक हवंय."

"कुणाचं?"

"माझं." या वेळी चष्मा लावून त्यानं ओळ न् ओळ तपासली. "फोटो तोच राहू दे. ‘वरचं’ जरा ठळक छाप. आणि एक जास्त दे, दिमोच्या खिडकीसमोरच्या खांबाला लावतो. घरचे इतक्यात विसरले, असं त्याला वाटायला नको."