एकतीस जोडांचं लुगडं

विसू तांडेलांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला राम राम केला नाही. माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली, जरा चोळून पाहिली आणि म्हणाले, "अजून दोन पावसाळे. मग पिकेल."

मी मोजणी खात्यातला कारकून. मांडवीच्या बाजूला त्यांच्या शेजारी नुकताच राहायला आलो होतो. म्हातारा डोक्यानं अधू असावा असं मला वाटलं. पण दोन पावसाळ्यांनी तो सदरा खरोखरच पाठीवर विरला, आणि त्याच आठवड्यात तांडेल दारात हजर. "काढा," म्हणाले. मी काढला. महिन्याभरात तो सदरा एका वाकळीत जाऊन बसला.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्याकडे वाकळी बायका शिवतात. तांडेल पुरुष होते आणि तेही चाळीस वर्षं गलबतावर काढलेले. शिडं फाटली की शिवायची, हे त्यांचं तिथलं काम. गलबत सुटलं, हाताची सवय सुटली नाही. तीच बोटभर लांब सुई, तोच मेण लावलेला दोरा, तळहाताला तोच चामड्याचा पट्टा. रस्त्यानं जाणारा कोणी म्हणे, "काय तांडेल, बायकांचं काम हाती घेतलंत?" तांडेल मान वर न करता उत्तर देत, "माझा टाका वादळात उसवला नाय. तुझ्या घोरण्यानं काय उसवतो?"

कापडाबद्दल त्यांचा एकच कायदा होता. नवं कापड कच्चं. त्याला ऊब नसते. शंभर वेळा धुतलेलं, उन्हात वाळलेलं, अंगावर झिजलेलं कापड पिकतं, आंब्यासारखं. आणि पिकलं की नाही ते डोळ्यांना कळत नाही. "बोटाला विचारायचं," ते म्हणत. "डोळा रंगाला भुलतो. बोट नाय भुलत."

त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. बोलणं थोडं, पण धारेचं. तांडेल सुया जमिनीवर विसरत आणि वहिनींना त्या सापडत. एका वर्षाचा हिशेब त्यांनीच मला सांगितला होता. सात सुया. "पाच हाताला लागल्या आणि दोन पायाला," त्या म्हणाल्या. "बघा तुमच्या खात्यात कुठं मांडायच्या त्या."

एकदा तांडेल ओटीवर बसून वाकळ शिवत होते. आत चुलीवरची पेज उतू गेली. वहिनी विहिरीवरून ओरडल्या, "अहो, पेज!" तांडेल तडक उठून स्वयंपाकघरात धावले, आणि त्यांच्या मागोमाग पाच हात लांब वाकळही धावली. शिवताना त्यांनी स्वतःच्या धोतराचा सोगा वाकळीत पक्का शिवून टाकला होता. वाटेत पाण्याचा हंडा कलंडला, कोयती पडली, मांजर माळ्यावर चढलं. वहिनी आल्या, त्यांनी चुलीत गेलेली पेज पाहिली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"उसवा आता," त्या म्हणाल्या.

"उसवायचा नाय हा टाका," तांडेल म्हणाले. शेवटी धोतर कापावं लागलं. तो तुकडा त्या वाकळीत तसाच राहिला.

या माणसावर पुढे जे संकट आलं त्यात आमच्या घराचाही हात होता, म्हणून ते मला नीट सांगितलं पाहिजे.

माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. मुलगा झाला. माझ्या पत्नीनं तांडेलांना सांगितलं, "बाळाला घ्यायला एक लहानशी, अगदी मऊ वाकळ करून द्या." वहिनी तेव्हा भाच्याच्या लग्नासाठी जयगडला भावाकडे गेल्या होत्या. घरात तांडेल एकटे. तान्ह्या पोराला साधं पिकलेलं कापड चालणार नाही म्हणून त्यांनी घरातलं एकेक कापड बोटाला विचारलं. अखेर वहिनींच्या पेटीत तळाशी हात गेला, आणि तिथं त्यांना असं एक लुगडं लागलं की, ते मला नंतर म्हणाले, "बोट ठेवलं आणि वाटलं, दुधावरची साय हो!"

लुगडं जुनं होतं. मूळचा रंग लाल असावा. तांडेलांनी ते वीत वीत रुंदीनं आडवं कापलं. बत्तीस पट्ट्या झाल्या. त्या थरावर थर घालून त्यांनी चार दिवसांत वाकळ शिवली. माझ्या मुलीनं बाळाला तीत गुंडाळलं आणि पोर पहिल्यांदाच सलग तीन तास झोपलं. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

वहिनी जयगडहून परतल्या त्याच दिवशी बाळ बघायला आमच्याकडे आल्या. तांडेल आधीच येऊन ओटीवर कौतुकाची वाट पाहत बसले होते. वहिनींनी बाळाच्या पाठीखाली हात घातला आणि तो तसाच राहिला. मग त्यांनी वाकळीचा कोपरा उलटून पाहिला.

"हे कापड कुठलं?"

"तुझ्या पेटीतलं. तळाशी पडलेलं होतं," तांडेल खुशीत म्हणाले. "काय मऊ आहे बघ तरी!"

"आईचं आहे ते."

तांडेलांच्या चेहऱ्यावरची खुशी जायला थोडा वेळ लागला. "मला ठाऊक नव्हतं गो," ते म्हणाले.

"कसं असणार?" वहिनी आवाज न चढवता म्हणाल्या. "ती हे नेसून माझ्या सोबतीला येऊन राहायची, तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. नारळी पौर्णिमा झाली की तांडेलांचं गलबत जायचं ते पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायचं. चाळीस वर्षांपैकी अठ्ठावीस वर्षं तरी ते पाण्यावर होते. त्या वर्षांत वहिनींच्या घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची आई. ती वारली तेव्हाही तांडेल मलबारच्या किनाऱ्यावर होते.

दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीनं वहिनी पुन्हा जयगडला गेल्या. कधी येणार ते सांगून गेल्या नाहीत.

पुढचे आठ दिवस तांडेलांनी घर चालवलं. त्यांनी अंगण सारवलं ते असं, की वाळल्यावर जागोजाग शेणाचे उंचवटे राहिले आणि उंचवट्यांवर त्यांची पावलं. भात एकदा कच्चा, एकदा करपलेला. माझी पत्नी आमटी घेऊन गेली तर म्हणाले, "नको. उद्या आली तर म्हणेल, शेजाऱ्यांकडे जेवलात." रोज बोटीच्या वेळेला ते बंदरावर जाऊन उभे राहत. आगबोटीवरचे उतारू घेऊन पडाव, म्हणजे लहान होड्या, किनाऱ्याला लागले की शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबत आणि परत येत. सुई मात्र आठ दिवसांत हातात धरली नाही.

नवव्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि दाराशीच अवघडून उभे राहिले. दिलेली वस्तू परत कशी मागावी हे त्यांना सुचत नव्हतं. माझ्या पत्नीनं विचारलंसुद्धा नाही. बाळाला माझ्या धोतरात गुंडाळून तिनं वाकळ त्यांच्या हातात दिली.

त्यांना ते लुगडं पुन्हा जोडायचं होतं.

आधी उसवणं आलं. शिवायला चार दिवस लागलेली वाकळ उसवायला अकरा दिवस लागले. दोरा चामड्यासारखा बसला होता आणि कापड सायीसारखं. जरा ओढ बसली तर फाटणार. तांडेल चष्मा कपाळावर चढवून एकेक टाका सुईच्या टोकानं उचलत आणि म्हणत, "कोणी घातलान् हा टाका मेल्यानं!" मी कचेरीतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत त्यांच्याजवळ बसू लागलो.

पट्ट्या सुट्या झाल्या तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. कोणती पट्टी कोणत्या पट्टीशेजारची, हे तांडेलांना आठवेना. इथं मात्र माझं खातं उपयोगी पडलं. शेताचे तुकडे नकाशावर लावताना बांध बांधाला जुळवतात, तसे मी काठ काठाला जुळवले. कमरेचा भाग जास्त विरलेला, पदराकडचा कमी. दोन संध्याकाळी खपून मी बत्तीसही पट्ट्यांना चिठ्ठ्या लावून क्रम दिला. मग कागदावर मांडून तांडेलांना सांगितलं, "बत्तीस पट्ट्या म्हणजे एकतीस जोड. दर जोडाला एक अंगूळ कापड आत जाणार. चोवीस अंगुळांचा हात, म्हणजे लुगडं एक हात सात अंगुळं आखूड होईल."

"भाऊ, तुमचं गणित बरोबर असेल," तांडेल म्हणाले, "पण आता गप बसा."

त्यांनी ते जोडलं. शिडाची सुई न वापरता माझ्या पत्नीकडून बारीक सुई मागून घेतली. ती त्यांच्या बोटांत दिसतच नसे.

मग आम्ही दोघं जयगडला गेलो. "तुम्ही चला. माझ्या तोंडून तिथं शब्द फुटायचा नाय," ते म्हणाले म्हणून मी दोन दिवसांची रजा काढली. आगबोटीत तांडेल गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते आणि वहिनींना काय म्हणायचं ते पुटपुटून पाठ करत होते. मी ऐकलं. पाच वाक्यं होती.

वहिनींच्या भावाचं घर खाडीच्या काठालाच होतं. भावानं "या" म्हटलं आणि पाणी आणायला तो आत गेला. वहिनी बाहेर आल्या. तांडेलांनी पाचांपैकी एकही वाक्य म्हटलं नाही. गाठोडं पुढे केलं.

वहिनींनी ते सोडलं. एका जोडावरून बोट फिरवलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या.

"एकतीस आहेत," मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

वहिनी लुगडं घेऊन आत गेल्या. बराच वेळ झाला. आतून काही आवाज येईना.

"घातलान् वाटतं चुलीत," तांडेल हळूच म्हणाले.

"धूर दिसत नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. त्या ते लुगडं नेसल्या होत्या. जोड ताठ उभे राहिल्यामुळे निऱ्या धड पडल्या नव्हत्या, एका बाजूला फुगल्या होत्या. पदर खांद्यापर्यंत कसाबसा आला होता. डोक्यावर घ्यायला पुरला नव्हता.

तांडेलांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पदर आखूड पडला गो," ते म्हणाले.

"पडू दे," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यापुढं पदर घ्यायची सवय मला लागली कधी? तुम्ही होतात कुठं!" आणि आत वळून भावजयीला म्हणाल्या, "दोन माणसांचा भात जास्त टाक. उद्याच्या बोटीनं जाणार आम्ही."

तांडेलांनी आमच्याकडे पाठ केली आणि खाडीकडे तोंड करून उभे राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "भाऊ, भरती कधी हो?"

चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस मोजणी खात्यातल्या कारकुनाला हे विचारत होता, आणि खाडी त्यांच्या पायांपासून वीस पावलांवर होती. भरतीची वेळ मला ठाऊक नव्हती. तरी मी खिशातलं घड्याळ काढलं, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणालो, "आहे अजून वेळ."