सामाईक भिंत

गेनूआप्पांचा विषय निघाला की मी आजवर त्यांच्या हातोडीचेच किस्से सांगत आलो. भिंतीचं सांगायचं टाळलं. आता वय झालं, तेही सांगून टाकतो.

आप्पा दौंड स्टेशनवर नोकरीला होते. गाडी थांबली की डब्यांची चाकं हातोडीनं ठोकायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा चाकं सुटली, हातोडी सुटली नाही. तेव्हा कुरकुंभच्या कंपन्यांचे पगार घरोघर येऊ लागले होते आणि आमच्या आळीत मातीची घरं पाडून स्लॅब पडत होते. कुठे वाळूचा ट्रक उतरला की आप्पा हजर. न विचारता आत शिरायचे, खांब, तुळया, चौकटी ठोकायचे आणि निकाल द्यायचे. "ही तुळई तुमच्या नातवाचं लगीन बघंल. ऱ्हाऊ द्या." "चौकटीला सर्दी झालीया, मेली न्हाई ती."

एकदा एक म्हातारी खांबाला टेकून बसली होती. आप्पांनी मागून खांब ठोकला. "मुडद्या, मला ठोकतोस व्हय!" ती किंचाळली. आप्पा शांतपणे म्हणाले, "खांब पक्का हाय. तुमचं तुम्ही बघा."

आळी हसायची. मला हसू येत नसे, संशय येई. कचेरीत जन्मभर कारकुनी केलेली; फुकट राबणारा माणूस मी पाहिला नव्हता. जुन्या भिंतींत लोक सोनं चिणून ठेवत, हे कोणाला ठाऊक नाही? हा म्हातारा पोकळ आवाज शोधत असणार, अशी माझी खात्री होती.

मग आमच्याच घराची पाळी आली. आप्पांचं घर आम्हाला लागून; मधे दोघांत मिळून एकच मातीची भिंत. आप्पा आले, घरभर ठोकत फिरले आणि स्वयंपाकघरात त्या भिंतीपाशी थांबले. हातोडी खिशातच राहिली. भिंतीवर नुसता तळवा ठेवून म्हणाले, "तात्या, बाकीचं काय बी करा. येवढी भिंत ठिवा."

"का?"

"चांगली हाय."

"न ठोकताच कळलं?"

ते भिंतीवरून हात फिरवून निघून गेले. माझा संशय पक्का झाला.

"अहो, सरळ विचारा की त्यांना," सुमन, माझी बायको, म्हणाली.

"चोराला विचारून कुलूप लावतात का?"

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना सांगितलं, "इंजिनिअर म्हणतो, भिंतीला धोका आहे." इंजिनिअर असं काहीच म्हणाला नव्हता. आप्पांचा जन्म धोका ओळखण्यात गेलेला. दोन ठोके टाकले असते तर मी उघडा पडलो असतो. पण त्यांनी खिशात हातही घातला नाही. "तुम्ही सांगताय म्हंजी असंल. काढा."

भिंत पडताना मी खुर्ची टाकून समोर बसलो आणि गवंड्याला ढेकूळ न् ढेकूळ फोडायला लावलं. निघाला एक बुजवलेला कोनाडा. तिथं भिंत जेमतेम वीतभर जाड होती. आत कोळ्याचं जाळं. त्या जागी विटा-सिमेंटची जाडजूड भिंत उभी राहिली.

आप्पा दिसेनासे झाले. सुमन एका संध्याकाळी कालवण घेऊन गेली, तर ते नव्या भिंतीला पाठ लावून बसलेले. पुढ्यात रिकामी ताटली.

"वैनी, तुमच्याकडं जेवणं व्हत न्हाईत का आता? ताटं वाजंनात."

त्यांची बायको वारल्यापासून आमची ताटं वाजली, सुमनची "अहो, पानं घेतलीत" अशी हाक ऐकू आली, की आप्पा पलीकडे भाकरी वाढून घेत. "पंगतीला बसल्यागत वाटायचं," म्हणाले.

सुमननं रोज जेवायला बोलावलं. "पाव्हणा दोन दिसांचा, वैनी," म्हणून ते हसले.

मीही एकदा त्यांच्याकडे गेलो. "आप्पा..." म्हटलं.

"काय, तात्या?"

"नव्या लाद्या बघायला या."

आले. काहीच ठोकलं नाही. "समदं नवं हाय. ऐकायचं काय त्यात?"

त्या दिवशी ते घरी परतले आणि मी स्वयंपाकघरात गेलो. सुमन पानं वाढत होती. या भिंतीतून पलीकडे काही जात नाही, हे ठाऊक होतं म्हणूनच मला धीर झाला. तोंड भिंतीच्या अगदी जवळ नेऊन म्हणालो, "आप्पा, भिंतीला धोका नव्हता."