नसलेलं रिव्हॉल्वर

आमचे घरमालक बबननाना कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती काही दिवस नसताना वापरून बघतात. हे वाचून बाईंचं काहीतरी चुकलं असं तुम्हाला वाटेल. मी नांद्यात शाळेत मराठी शिकवते. वाक्यात माझी चूक होत नाही आणि झालीच तर मी कबूल करत नाही. नानांचं तत्त्वच तसं आहे. "आदी नसताना वापरून बगायचं बाई, म्हंजी असताना तरास न्हाई," असं ते म्हणतात, आणि समोरच्याला पटलंय का हे बघायला मान तिरकी करतात.

फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी दुकानातून नुसतं रिकामं खोकं आणलं. ते खोकं महिनाभर स्वयंपाकघरात उभं होतं. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, त्याला वळसा घालून चुलीपाशी जायच्या. नाना अधूनमधून त्याचं झाकण उघडून आत पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि थोड्या वेळाने काढून प्यायचे. पाणी कोमटच असायचं, पण दार कुठल्या अंगाला उघडायला हवं ते कळलं, असं त्यांचं म्हणणं. चारचाकीच्या वेळी तर त्यांनी अंगणात दोन पुढे, दोन मागे अशा खुर्च्या मांडल्या आणि काकूंना अर्धा तास मागच्या खुर्चीत बसवलं. काकू म्हणाल्या, मला मळमळतंय. झालं, गाडीचा बेत रद्द.

असा हा माणूस रिव्हॉल्वर घ्यायला निघाला.

आता आमच्या भागात हे काही आक्रीत नाही. जमिनी गेल्या, बंगले आले, आणि बंगल्यांच्या मागोमाग काही जणांच्या कमरेला फुगवटे आले. लग्नात, जत्रेत शर्टाखाली काहीतरी फुगलेलं दिसलं की माणसं आपोआप वाट देतात. नानांच्या वडिलांकडे रानडुकरांसाठी बंदूक होती, ती केव्हाच गेली, पण परवाना नानांनी रीतसर स्वतःच्या नावावर करून जपला होता. त्यात पुण्याच्या एका बंदुकीच्या दुकानात कुण्या म्हाताऱ्या साहेबाचं जुनं विलायती रिव्हॉल्वर विकायला आलं. नळी एवढी रुंद की नानांची करंगळी आत गेली. दुकानदार म्हणाला, याच्या एका गोळीत हत्ती बसेल. मुळशीत हत्ती नाहीत हे मी नानांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "म्हनून काय झालं? मानसाला वजन पायजे, बाई." वजन पाहिजे तर तूप खा, असं मी म्हणाले. पण ते कशाबद्दल बोलत होते ते मला ठाऊक होतं. पूर्वी बैल घेणारा, भाताचं बी निवडणारा, सोयरीक जमवणारा, जो तो नानांच्या ओट्यावर सल्ल्याला यायचा म्हणे. आता बैल नाहीत, भाताच्या खाचरांत बारा मजली इमारती उभ्या आहेत आणि सोयरिकी मोबाइलवर जमतात. मी राहायला आले तेव्हा ओट्यावर एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती आणि वरच्या खुर्चीत मांजर झोपायचं.

तत्त्वाप्रमाणे नानांनी आधी रिव्हॉल्वर नसताना वापरायला काढलं. दुकानदाराकडून त्याचं वजन विचारून घेतलं आणि किराणा दुकानाच्या काट्यावर घरातल्या एकेक वस्तू नेऊन तोलल्या. कोयता हलका निघाला, वरवंटा फार जड. शेवटी काकूंच्या लोखंडी खलबत्त्यातला बत्ता बरोबर उतरला. मग कमरेला लावायचं चामडी कव्हर शिवून घेतलं, त्यात बत्ता घातला आणि नाना गावात हिंडायला लागले.

पहिल्याच दिवशी बत्त्याच्या वजनाने लेंग्याची नाडी ढिली झाली आणि नानांना मारुतीच्या देवळापासून घरापर्यंत दोन्ही हातांनी लेंगा धरून यावं लागलं. साठी उलटल्यावर या माणसाने जन्मात पहिल्यांदा पँट आणि पट्टा घेतला. काकूंनी तोंडाला पदर लावला तो दोन दिवस काढला नाही.

पण फुगवट्याचा गुण आला. घोटावड्याच्या एका लग्नात नानांना पार पुढच्या सोफ्यावर बसवलं, मानाचा फेटा बांधला. पंगतीत मांडी घालताना बत्ता बरगडीत रुतत होता, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. बँकेत मात्र पंचाईत झाली. दारावरच्या रखवालदाराने अदबीने सांगितलं की हत्यार आत नेता येणार नाही. नानांनी शांतपणे कव्हराचं बटण काढलं आणि बत्ता त्याच्या टेबलावर ठेवला. तो बिचारा बत्त्याकडे बघतोय, नानांकडे बघतोय. नाना म्हणाले, "टोकन द्या." त्याने दिलं हो!

काकूंची वेगळीच तऱ्हा. खलबत्त्यातला खल घरात आणि बत्ता गावात, त्यामुळे चटणी अडायची. मग अकराच्या सुमाराला त्या ओट्यावर यायच्या आणि न बोलता हात पुढे करायच्या. नाना न बोलता कव्हरातून बत्ता काढून द्यायचे. लसूण ठेचून झाला की पुसून परत. एकदा तर ग्रामसभा भरलेली असताना पाण्याच्या टाकीवरून हमरीतुमरी चालली होती, आणि काकू थेट तिथे येऊन बत्ता घेऊन गेल्या. अख्खी सभा हसली आणि भांडण तिथेच मिटलं. आमच्या तालुक्यात लसणाचा वास येणारं हत्यार एकट्या नानांकडे होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं हसं झाल्यावर माणूस गप्प बसेल. पण झालं उलटंच. नाना खरंच घेणार आहेत का, हे विचारायला लोक यायला लागले. पहिले आले पोलिसातून निवृत्त झालेले जमादार. त्यांचं म्हणणं, अजिबात घेऊ नका. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं, आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत एक झाली की दुसरी लागते, म्हणजे पैसे तुमचे आणि हत्यार साहेबांच्या कपाटात. मग आला पिठाच्या गिरणीवाला गेनू. तो म्हणाला, घ्याच, गावाची शान वाढेल. यावर जमादारांनी सांगितलं की असल्या तोफेची काडतुसं मिळता मिळत नाहीत, आणि उडवलीच तर मनगट खांद्यात जातं. गेनू म्हणाला, उडवायचं कशाला, नुसतं बाळगायचं. जमादार म्हणाले, मग बत्ता काय वाईट आहे?

बघता बघता ओट्यावर दोन पक्ष पडले. रोज संध्याकाळी खुर्च्यांची चळत मोडायची, मांजराला उठवलं जायचं, चहा व्हायचा. चोर आला तर काय, या मुद्द्यावर तर आठवडा गेला. जमादारांनी हिशोब मांडला: चोर आल्यावर नाना आधी चष्मा शोधणार, मग कपाटाची किल्ली, मग काडतुसं, आणि तोवर चोराला चहा विचारावा लागणार. नाना सगळं कान देऊन ऐकायचे. मध्येच एखादा असा प्रश्न टाकायचे की दोन्ही पक्षांना पुन्हा सुरुवातीपासून भांडावं लागायचं. मी वरच्या गॅलरीत वह्या तपासत बसलेली असायची. एकदा मला राहवलं नाही आणि मी वरूनच माझं मत ठणकावलं, तेव्हापासून ओट्यावर माझीही एक खुर्ची मांडली जाऊ लागली.

या सगळ्यात काकूंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. गंमत होती तोवर त्या हसल्या, पण एक दिवस दुकानदाराचा फोन आला की दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, शनिवारपर्यंत काय ते सांगा. त्या संध्याकाळी काकू माझ्याकडे वर आल्या. नानांचा राग तुम्हाला माहीत नाही, म्हणाल्या. तरुणपणी बांधावरून भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन धावले होते, आणि मग त्याच भावाच्या गळ्यात पडून रडले. कुऱ्हाड टाकून देता येते, गोळी सुटली की सुटली. "बाई, तुमी संगं जावा," त्या म्हणाल्या. "तुमचं आयकत्यात. कायबी करा, पर त्ये घरात नको." त्यांचे डोळे भरून आले होते. मी लगेच हो म्हटलं. मीही त्याच छपराखाली राहते.

शनिवारी आम्ही माझ्या गाडीतून पुण्याला गेलो. वाटेत मी शाळेत करत नाही एवढं मोठं भाषण केलं. नाना पौड रस्त्यावरचे खड्डे मोजत असल्यासारखे समोर बघत होते.

दुकानात ते रिव्हॉल्वर मखमलीवर ठेवलेलं होतं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. नानांनी ते दोन्ही हातांत घेतलं, चक्री फिरवली, कानाशी नेऊन तिचा आवाज ऐकला. मग हलकेच खाली ठेवलं आणि लेंग्याला पुसावेत तसे हात पँटला पुसले. दुकानदाराने पावतीपुस्तक पुढे ओढलं. नाना म्हणाले, "लई देखनं हाय. त्या दुसऱ्याला द्या."

माझा आनंद गगनात मावेना. एवढ्या सहज? म्हटलं, आपल्या भाषणात दम आहे बरं का. परत येताना भूगावला मी स्वतः गाडी थांबवून चहा मागवला, वर भजी मागवली. म्हटलं, काकू देवापुढे साखर ठेवतील. नाना भज्याला हात लावेनात. त्यांनी बशीत चहा ओतला.

"बाई, हिला सांगा," ते म्हणाले. "पर वट्यावर कुनाला सांगू नका."

मी विचारलं, का? न घेण्यात लाजायचं काय आहे, उलट शहाणपणाच आहे.

"लाज न्हाई वो. घेनार तर मी पयल्यापासनं नव्हतो. तुमीच सांगा, माज्यासारक्या तापट मानसानं असलं बाळगावं व्हय?" ते थांबले. "घेतलं आसतं तर चार दिस बगाया आले आसते. न्हाई घेत म्हनलं तर उद्यापासनं कोन येनार? ठरत न्हाई तवर मानसं येत्यात, बाई."

राहिलेली भजी मी बांधून घेतली आणि गाडी सुरू केली. माझं सगळं भाषण या माणसाने निमूट ऐकून घेतलं होतं, आणि त्यातल्या एका शब्दाचीही त्याला गरज नव्हती.

घरी पोचलो तर ओटा भरलेला. काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघून मी नुसती नकाराची मान हलवली. त्यांनी आत देवाकडे तोंड करून हात जोडले आणि लगेच, किती कप टाकू, म्हणून विचारलं. गेनूने निकाल विचारला. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते. पण मी खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि सांगितलं की दुकानदाराने मुदत वाढवून दिली आहे, नाना अजून विचार करताहेत. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. जमादारांनी मांडी ठोकली आणि त्या दिवशीचा वाद असा रंगला की चहा दोनदा करावा लागला.

आता या गोष्टीला बरेच महिने झाले. परवा मंडळी उठून गेल्यावर जमादार मागे रेंगाळले. नाना आत गेलेले बघून मला फाटकापाशी बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्ये रिव्हालवर तवाच इकलं गेलंय. त्यो दुकानदार माज्या वळकीचा हाय. गेनूलाबी ठावं हाय, समद्यांस्नी ठावं हाय. आमाला ठावं हाय ह्ये तेवढं नानास्नी कळू दिऊ नका."

मी कपाळाला हात लावला. मग रोज संध्याकाळी येऊन घसा कोरडा पडेपर्यंत भांडता कशाला, असं विचारलं.

जमादार चपलेचा अंगठा नीट करत बसले. "घरी सून टीव्ही लावती," ते म्हणाले. "हितं माजं कुनीतरी आयकून घेतंय."

एवढ्यात नाना बाहेर आले. जमादार फाटकातून गेलेच होते, ते दोन पावलं मागे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "नाना, एक ऱ्हायलंच. हितल्या पावसाळ्यात त्येला गंज चढला तर वो?"

नानांनी मान तिरकी केली, विचारात पडल्यासारखं केलं, आणि एक खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली.